मागच्या रांगेत बस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या शाळेतला तुझा तिसराच महिना, आणि तुझ्या वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाला कुणीतरी 'त्या' वंशद्वेषी शब्दाने हाक मारली. स्टाफरूममध्ये उत्तर काय, तर 'पोरं गाण्यांत ऐकतात, बोलतात.' हे उत्तर माझ्या वेळीही असंच होतं. तेव्हा गाणी वेगळी होती, एवढंच.

आधी वही काढ. तारीख, वेळ, कोण काय बोललं, ते त्या मुलाच्याच शब्दांत लिही. तुझं मत त्यात घालू नकोस. मग मुख्याध्यापकांना ईमेल कर, तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. आणि आज संध्याकाळीच त्याच्या आईला फोन लाव. तिला हे घरी येऊन मुलानेच सांगावं लागू नये. ती चिडली तर ऐकून घे. ती तुझ्यावर चिडलेली नसते, किंवा नुसती तुझ्यावर नसते.

पील बोर्डात, म्हणजे ब्रॅम्प्टनच्या शाळा चालवणाऱ्या मंडळात, जे काही हललं, ते आपल्यासारख्या सहृदय बायांमुळे नाही, हे पक्कं लक्षात ठेव. कृष्णवर्णीय पालक वर्षानुवर्षं बोर्डाच्या सभांना जाऊन बसले, बोलले, परत गेले. नोव्हेंबर 2019 मध्ये शिक्षणमंत्र्यांना चौकशी नेमावी लागली. मार्च 2020 मध्ये अहवाल आला: माध्यमिक शाळांत कृष्णवर्णीय मुलं 10.2 टक्के, पण शाळेतून निलंबित होणाऱ्यांत 22.5 टक्के. जूनमध्ये सरकारने बोर्डावर प्रशासक बसवला. पालक हे आधीपासून सांगतच होते; आकडा छापून आल्यावर ते खरं ठरलं. (या ओंटारिओ प्रांतात 'रंगीत', म्हणजे कृष्णवर्णीय, मुलांच्या वेगळ्या शाळांची कायद्यातली तरतूद 1964 मध्ये निघाली, आणि तीही विधानसभेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय आमदाराने, लिओनर्ड ब्रेथवेट यांनी, विषय काढल्यावर. मी तेव्हा पुण्यात पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते.)

आता माझं सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगा होता, आईवडील घानाचे. गणितात चलाख, पण अखंड बडबड. नववीचे विषय निवडायच्या फॉर्मवर मी 'अप्लाइड', म्हणजे सोपी वाट, सुचवली. त्याला झेपेल अशी, मायेनेच. त्या वाटेने पुढे युनिव्हर्सिटी जवळपास बंद होते, हे मला माहीत होतं. त्याची आई मला 'थँक यू' म्हणाली.

2017 मध्ये यॉर्क युनिव्हर्सिटीचा अहवाल वाचला. टोरोंटोत 'अकॅडेमिक', म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या, वाटेवर कृष्णवर्णीय मुलं 53 टक्के, गोरी 81, आणि बाकीची बिगरगोरी, म्हणजे त्यात आपलीही, 80. फॉर्मखालची माझी सही डोळ्यांपुढे आली. नववीची ती विभागणी आता मोडली, पण कुणाला काय 'झेपेल' ते शिक्षक अजून मनात ठरवतातच. तू ठरवशील तेव्हा स्वतःला पकड.

त्या 80 मधल्या आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. गणपतीच्या पंगतीत, मोदक वाढता वाढता, 'त्या शाळेत नको घालू गं, काळ्यांची मुलं फार' असं बोलणारे आपलेच. डॉ. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, हे सांगताना यांचेच डोळे पाणावतात. तिथे भांडत बसू नकोस, पण गप्पही राहू नकोस. 'काकू, माझ्या वर्गातली आहेत ती मुलं,' एवढं म्हण आणि पुढचं पान वाढ. मी कितीतरी वर्षं तेवढंही म्हटलं नाही.

त्या आईला फोनवर विचार, तिला तू कुठे हवी आहेस. सभेला ये म्हणाली तर जा, मागच्या रांगेत बस, माईक तिचा आहे. तिला कागद हवे असतील तर वहीतली नोंद दे. फक्त आधी युनियनच्या प्रतिनिधीला विचारून घे, विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेचे नियम इथे कडक आहेत आणि तुझी नोकरी अजून कच्ची आहे.

सभा रात्री लांबते. गाडी मी चालवीन, तू पोळीभाजीचा डबा घे.

तुझी,
मावशी