वजनाचं इंजेक्शन घेतलं म्हणजे आपण हरलो का?

"मॅडम, सुया टोचून बारीक होण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवावा, असं सासूबाई म्हणत्यात. खरंच माझंच चुकतंय का?"

लातूरला माझ्याकडे आलेल्या एका अंगणवाडीताईंचा हा प्रश्न. वजनाबद्दल बोलायला येणाऱ्या बहुतेक बायका असंच काहीतरी विचारतात. ताईंचं वजन 92 किलो, उंची 155 सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) 38. भारतीयांमध्ये 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. शिवाय साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

आधी आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. ज्वारीची भाकरी जेमतेम दीड. पण गृहभेटीला गेलं की घरोघरी गोड चहा (नको म्हटलं तर माणसं वाईट वाटून घेतात), आणि रात्री पोरांच्या ताटातलं उरलेलं. यात आळस कुठं आहे? वजन उतरायला लागलं की शरीरच भूक वाढवतं, हे ताईंना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

चालणं आणि आहार कमी लेखू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात (2002) वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, एवढंच ध्येय होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं 31 टक्क्यांनी.

वजन मात्र इंजेक्शननं जास्त उतरतं. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के उतरलं, नुसत्या आहार-व्यायामावर असलेल्यांचं अडीच टक्क्यांच्या आतच. इंजेक्शनवाल्यांनाही आहार-व्यायाम होताच. पण औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च बघून ठरवू नका, वर्षांचा हिशेब मांडा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते. वजनाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून डाळी, अंडी आणि ताकदीचे व्यायाम हवेतच.

बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण हरला म्हणत नाही. मग ताईंनाच का म्हणावं?

औषध द्यायचं की नाही, हे फिजिशियननं ठरवायचं. मेडिकलमधून परस्पर आणू नका. ताईंनी चहातली साखर त्याच आठवड्यात बंद केली, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून घेतले: किती वर्षं घ्यावं लागेल? मध्येच पैसे संपले तर? पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर चालेल का? शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःच घातला: सासूबाईंना सोबत आणू का?