वाफेत मीठ नसतं, मग समुद्राचं मीठ ढगात पोहोचतं कसं?

वाफेबरोबर नाही, तुषारांबरोबर. लाट फुटली की पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटताना अगदी बारीक थेंब उडवतात. त्यातलं पाणी सुकलं की उरतो मिठाचा कण, आणि वारा त्याला वर नेतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ना, तसंच इथेही होतं: आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की कण विरघळतो, 100 च्या किंचित वर गेली की ढगाचा थेंब होऊन वाढत सुटतो. हवेत कसलेच कण नसते, तर थेंब धरायला कित्येकशे टक्के आर्द्रता लागली असती! अर्थात सगळं श्रेय मिठाला देऊ नका; धूळ, धूर, सल्फेटचे कणही हेच काम करतात, आणि संख्येने बहुधा तेच जास्त असतात.