'निष्पाप नागरिकांचे बळी' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षाच्या बातमीत 'सिव्हिलियन कॅज्युअल्टीज' आले. त्याचे मराठी 'निष्पाप नागरिकांचे बळी' असे केले, तर ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिन्ही शब्दांखाली रेघ ओढली. चुकले काय, आणि मग लिहायचे काय?

'बळी'चा निकाल लवकर लागतो. कॅज्युअल्टीमध्ये मेलेले आणि जखमी दोन्ही येतात, बळीमध्ये फक्त मेलेले. 'हताहत' हा अर्थाने अचूक शब्द आहे, कारण हत म्हणजे मारलेला आणि आहत म्हणजे जखमी. पण आज बहुतेक वाचक तो नुसता 'मृत' असाच वाचतात. गाझात जखमींचा आकडा मृतांच्या दुपटीहून मोठा आहे, त्यामुळे इथे शब्दाची गफलत म्हणजे हजारो माणसांची गफलत. 'मृत व जखमी' असे फोडूनच लिहा.

खरी अडचण 'नागरिक' या शब्दात आहे. मराठीत तो दोन कामे करतो : देशाचा नागरिक आणि सैनिक नसलेला माणूस. एरवी हे खपून जाते, या संघर्षात खपत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यांत अलुमिम किबुत्झमध्ये (किबुत्झ म्हणजे सामूहिक शेतीची वसाहत) शेतीचे शिक्षण घेत काम करणारे दहा नेपाळी विद्यार्थी होते, थायलंडचे शेतमजूर होते. 'इस्रायली नागरिक ठार' या मथळ्यात ही माणसे कुठेच बसत नाहीत. १३ मे २०२४ रोजी रफाह भागात संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला आणि कर्नल (निवृत्त) वैभव काळे गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार पुण्यात झाले. ते भारताचे नागरिक, पूर्वीचे लष्करी अधिकारी आणि मृत्यूच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात नोकरीला. नावामागे 'कर्नल' असले, तरी युद्धाच्या कायद्याने ते सैनिक नव्हते.

गंमत नव्हे, पण नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की हिब्रूत हीच अडचण आहे : 'एझराख' म्हणजे दोन्ही. अरबीत मात्र शब्द वेगळे आहेत. सैनिक नसलेला तो 'मदनी', म्हणजे मदीनेचा, शहराचा (आपला नगरापासून झालेला नागरिकच), आणि देशाचा तो 'मुवातिन'. या दुसऱ्या शब्दातले 'वतन' आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. मराठीत लष्करीच्या जोडीला 'मुलकी' हा सुरेख शब्द होता, पण तो आता महसूल खात्यापुरता उरला आहे. 'मुलकी मृत' असे लिहिले, तर कुणाला कळणार नाही.

आता 'निष्पाप'. माझा सर्वांत मोठा आक्षेप याच शब्दावर आहे, आणि तो विशेषण अनावश्यक आहे एवढ्यापुरता नाही. १९४९च्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जो पहिला पूरक करार (ॲडिशनल प्रोटोकॉल) जोडला गेला, त्यात सैनिक नसलेल्या माणसांची व्याख्या नकारार्थी आहे : जो सशस्त्र दलात नाही तो. शंका असेल, तर तो सैनिक नाही असेच धरायचे. (इस्रायल या पूरक करारात सामील नाही, भारतही नाही.) प्रत्यक्ष लढाईत उतरला, तर तेवढ्या काळापुरते त्याचे संरक्षण जाते. पण त्याचे पाप-पुण्य, विचार, कुणाला दिलेले मत, यांचा कुठेही संबंध नाही. हमासला मत दिलेला म्हातारा आणि व्याप्त पॅलेस्टिनी भूमीवरच्या इस्रायली वस्त्यांचे समर्थन करणारी इस्रायली बाई, दोघांवरही हल्ला करता येत नाही. 'निष्पाप' म्हटले की वाचक नकळत चौकशीला बसतो : हा खरेच निष्पाप होता का? 'निःशस्त्र'ही चालत नाही. गाझाच्या सीमेजवळच्या नहाल ओझ या इस्रायली लष्करी तळावर टेहळणी करणाऱ्या मुली निःशस्त्र होत्या, पण त्या सैन्यात होत्या.

'स्त्रिया व मुले' या जोडीबद्दलही सावध राहा. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या यादीत सैनिक आणि इतर असा भेद नसतो. स्त्री, पुरुष, मूल, वृद्ध असा असतो. ऑक्टोबर २०२५च्या शस्त्रसंधीपर्यंत या यादीतली मृतांची संख्या ६७,०००च्या वर गेली होती. त्यातली मुले-स्त्रिया वेगळ्या काढून बाकीचे सारे लढवय्ये मानणे हा अन्याय आहे. भाकऱ्या भाजणारा, रुग्णवाहिका चालवणारा, शाळेत शिकवणारा पुरुष कुठे मोजायचा?

हे वर्गीकरण किती अवघड असते, ते २००८-०९च्या गाझा युद्धात दिसले. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेने १,३८७ पॅलेस्टिनी मृत मोजले : ७७३ लढाईत भाग न घेतलेले, ३३० भाग घेतलेले, ३६ जणांचे ठरवता आले नाही, आणि २४८ पोलीस. पोलिसांचा रकाना त्यांनी वेगळा ठेवला, कारण वाहतूक सांभाळणारा हमास सरकारचा शिपाई सैनिक की नाही यावरच वाद होता. इस्रायली सैन्याचा आकडा १,१६६ होता आणि त्यातले २९५ 'सहभागी नसलेले'. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचा. युद्ध तेच, आकडे आणि रकाने वेगळे.

बेत्सेलेमचा शब्दप्रयोग मला मराठीत सरळ आणि प्रामाणिक वाटतो : 'लढाईत भाग न घेतलेले लोक'. लांब आहे, मान्य. मथळ्यात जागा नसेल आणि राष्ट्रीयत्वाचा घोळ होणार नसेल, तर 'सामान्य नागरिक' ठेवा. 'असैनिक' समासाच्या दृष्टीने बिनचूक आहे, पण बोलीत कुणी म्हणत नाही. 'बिगरलष्करी' चालेल.

क्रियापदाचे विचारले नव्हते, तरी सांगतो. एका बाजूची माणसे 'हत्याकांडात मारली जातात' आणि दुसऱ्या बाजूची नुसती 'मृत्युमुखी पडतात', असे एकाच पानावर मी अनेकदा वाचले आहे. मारणारा माहीत असेल, तर दोन्हीकडे त्याचे नाव लिहा. तुमची बातमी हवाई हल्ल्याची असेल, तर वाक्य मी असे करीन : 'इस्रायलच्या हवाई हल्ल्यात इतके लोक मारले गेले, इतके जखमी झाले, मृतांची संख्या गाझाच्या आरोग्य मंत्रालयाची; त्यात लढाईत भाग न घेतलेले किती, हे मंत्रालय वेगळे सांगत नाही.'