जर्मनीत फराळ पाठवणाऱ्या छोट्या साइटला कुकी बॅनर पुरेसा आहे का?

नुसता बॅनर, म्हणजे कुकीजसाठी (साइट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींसाठी) संमती विचारणारी पट्टी, पुरेसा नाही. तुम्ही युरोपातल्या ग्राहकांना माल विकता, म्हणजे साइट पुण्यातून चालत असली तरी जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, लागू होतो.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ॲनालिटिक्सचा (साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणारा, उदा. गूगल ॲनालिटिक्स) कोड साइटच्या हेडरमध्ये थेट चिकटवलेला असतो. बॅनर दिसतो, पण ग्राहकाने काही निवडण्याआधीच कुकी पडलेली असते. स्वतः तपासा: क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकीत साइट उघडा, बॅनरला हात लावू नका, एफ१२ दाबा, ॲप्लिकेशन टॅबमध्ये कुकीज बघा. तिथे ‘_ga’ने सुरू होणारं नाव (गूगल ॲनालिटिक्सची कुकी) दिसलं, तर बॅनर फक्त शोभेचा आहे. कन्सेंट प्लगइनमध्ये (बॅनर दाखवून संमती सांभाळणाऱ्या साइटच्या जोडणीत) ती स्क्रिप्ट, म्हणजे ॲनालिटिक्सचा कोड, ‘सांख्यिकी’ गटात टाकून संमती मिळेपर्यंत अडवा, मग हीच तपासणी पुन्हा करा. कॅश प्लगइन (पानांची तयार प्रत साठवून साइट वेगवान करणारी जोडणी) असेल तर आधी कॅश साफ करा, नाहीतर जुनंच पान दिसत राहतं.

कार्ट आणि लॉगिनच्या कुकीजना संमती लागत नाही.

‘नाकारा’ बटण ‘स्वीकारा’च्या शेजारी, तेवढंच ठळक ठेवा. आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने 2019 मध्येच स्पष्ट केलं. फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी, ‘कुकी सेटिंग्ज’ची लिंक हवीच, कारण संमती देण्याइतकंच ती मागे घेणं सोपं असायला हवं. कोणी कधी संमती दिली याची नोंदही ठेवा.

यूट्यूबचे व्हिडिओ आणि गूगल नकाशे विसरू नका, तेही याच तपासणीत येतात.