लोरेटोच्या सिस्टरांनी सोडून दिलेले विद्यापीठ

प्रश्न : मुलीला अमेरिकेतील वेबस्टर विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. ते मूळचे कॅथलिक असल्याचे समजले. तेथे प्रार्थनेची किंवा धर्मशिक्षणाची सक्ती असते का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नसते. मिझुरी राज्यात सेंट लुईस शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या वेबस्टर ग्रोव्ह्ज या उपनगरात सिस्टर्स ऑफ लोरेटो या कॅथलिक संन्यासिनींच्या संघाने १९१५ मध्ये मुलींसाठी हे कॉलेज काढले हे खरे. परंतु १९६७ पासून त्याचा कारभार चर्चच्या अधिकाराबाहेरील विश्वस्त मंडळाकडे आहे. ‘विद्यापीठ’ हे नाव तर त्यानंतर, १९८३ मध्ये लागले.

प्रश्न : सिस्टरांनी स्वतः उभी केलेली संस्था सोडून का दिली? आपल्याकडे मुंबईचे झेवियर्स कॉलेज १८६९ पासून जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाकडेच आहे. (एक प्राध्यापक, सांगली)

उत्तर : त्या वेळी कॉलेजच्या अध्यक्षा असलेल्या सिस्टर जॅकलिन ग्रेनन यांची भूमिका अशी होती की, उच्च शिक्षणाचा स्वभावच चर्चच्या कायदेशीर नियंत्रणाशी जुळणारा नाही. जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी कॉलेज सामान्यजनांच्या, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्यांच्या, मंडळाकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याबरोबरच स्वतः संघातून बाहेर पडत असल्याचेही सांगितले. संघाने आडकाठी केली नाही, व्हॅटिकननेही संमती दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचे, काम १९६५ मध्ये संपले होते आणि सामान्य कॅथलिकांकडे जबाबदारी सोपवण्याची भाषा तेव्हा चर्चमध्येच रुळू लागली होती, हे येथे विसरता येत नाही. ग्रेनन पुढे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजच्या अध्यक्षा झाल्या.

यामागे पैशाचाही संदर्भ होता. १९६६ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चशी संलग्न अशा तीन कॉलेजांना राज्याने दिलेले बांधकाम अनुदान घटनाबाह्य ठरवले होते व त्यांपैकी दोन कॅथलिक होती. तेव्हा धार्मिक ओळख सरकारी मदतीच्या आड येईल, ही धास्ती अनेक कॉलेजांना होती; मात्र ग्रेनन यांचा निर्णय केवळ अनुदानासाठी होता असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आपल्याकडे गणित नेमके उलटे आहे. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला असल्याने धार्मिक ओळख टिकवण्यात संस्थेचे कायदेशीर हित असते, तर विद्यार्थ्याला संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येऊ नये याची तजवीज कलम २८ (३) मध्ये आहे. म्हणून झेवियर्स जेझुइटांकडे असणे आणि वेबस्टर सिस्टरांकडे नसणे, या दोहोंची तुलना श्रद्धेच्या मापाने करू नये.

प्रश्न : मदर तेरेसा ज्या लोरेटो संघात होत्या, तोच हा का? (पुणे)

उत्तर : नाही. मदर तेरेसा १९२८ मध्ये आयर्लंडमधील लोरेटो संघात दाखल झाल्या होत्या. वेबस्टरचा संघ १८१२ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात स्थापन झाला. दोघांच्या इंग्रजी नावात एका ‘टी’चा फरक आहे.

प्रश्न : उपनगरातील कॅम्पस म्हणजे गाडीवाचून अडेल का? आणि जुन्या काळाची काही खूण उरली आहे का? (ठाणे)

उत्तर : ठाण्यातून पाहिले तर ‘उपनगर’ या शब्दाने दिशाभूल होईल, दर चार मिनिटांनी लोकल, स्टेशनबाहेर रिक्षा, असे येथे काही नाही. वेबस्टर ग्रोव्ह्ज म्हणजे मोठी झाडे, बैठी घरे आणि शांत रस्ते. शहराच्या मेट्रोलिंक रेल्वेचे जवळचे टोक शेजारच्या श्रूजबरी गावात आहे, तेथून पुढे बस किंवा कोणाची तरी गाडी पाहावी लागते. त्यामुळे घर ठरवताना भाड्यापेक्षा अंतर आधी पाहावे, हिवाळ्यातील बर्फ लक्षात घेऊन. विद्यापीठाचे वर्ग इतर शहरांतही आणि काही लष्करी तळांवरही भरतात. तेव्हा आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशपत्रावर) कोणत्या कॅम्पसचा पत्ता आहे, तो तिकीट काढण्यापूर्वी नीट वाचावा.

खूण म्हणाल तर ईस्ट लॉकवुड अव्हेन्यूवरील कॅम्पसमध्ये १९६६ चे नाट्यगृह आहे. देणगी हॉटेलसम्राट कॉनरॅड हिल्टन यांची, म्हणून त्याचे नाव लोरेटो-हिल्टन. दर उन्हाळ्यात तेथे ऑपेराचा हंगाम भरतो, आणि सिस्टरांचे नाव निदान तिकिटावर तरी हॉटेलवाल्याच्या आधी येते.