गुडघ्याचे पैसे आणि चिंगीचं ऑपरेशन

कुत्र्यामांजरावर एवढा खर्च करणं बरोबर आहे का, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सहसा कुणी येत नाही. लोक समुपदेशनासाठी येतात ते झोप उडाली म्हणून, नवराबायकोत अबोला आहे म्हणून, पोरगं नीट जेवत नाही म्हणून. दोन-तीन भेटी झाल्या की कळतं, घरात कुत्रं आजारी आहे, दवाखान्याचं बिल झालंय आणि त्यावरून सगळं बिनसलंय. अलीकडे हे वाढलं आहे. पूर्वी जनावर आजारी पडलं की घरगुती काहीबाही करायचं आणि वाट बघायची, एवढंच हातात असे. आता नाशिकसारख्या शहरात कुत्र्याची सोनोग्राफी होते, रक्ताचे रिपोर्ट त्याच दिवशी मिळतात. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं खास लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालयही आहे. उपचार हाताशी आले, तसा ते करायचे का हा वादही घराघरांत आला.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते. सांगायला त्यांची हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बाई खासगी शाळेत शिक्षिका, म्हणून इथे त्यांना बाईच म्हणते. यजमान अंबडच्या एमआयडीसीत सुपरवायझर. घरात सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा आणि चिंगी नावाची पांढरी पॉमेरिअन कुत्री, तेव्हा सात-आठ वर्षांची.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. मला वाटलं, मुलाचे रिपोर्ट असतील. निघाली चिंगीची बिलं. सोनोग्राफी, रक्त, ऑपरेशन, भूल, दोन दिवसांचं सलाइन, औषधं. सगळी तारखेप्रमाणे लावून स्टेपल केलेली. बेरीज ३८,००० च्या आसपास. "मॅडम, हे बघा आणि मला सांगा, मी वेडी आहे का?"

झालं होतं असं. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी चिंगी पाणी फार प्यायला लागली. भांडं भरलं की रिकामं. कधी नव्हे ते रात्री घरातच लघवी करायला लागली. मग जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर गर्भाशय पुवाने भरलेलं. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्र्यांमध्ये तो बराच आढळतो. माजानंतरच्या संप्रेरकांमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात जंतू वाढतात आणि तोंड बंद राहिलं तर पू बाहेर पडायला वाट नसते. विष रक्तात भिनत जातं. वेळेत गर्भाशय काढलं तर बहुतेक कुत्र्या बऱ्या होतात. नाही काढलं तर बहुधा जातात, आणि हाल होऊन जातात. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठरवा म्हणून सांगितलं. यजमान सेकंड शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. बाईंनी कपाटातल्या स्टीलच्या डब्यातून पैसे काढले आणि रिक्षा केली.

डब्यातले ते पैसे सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले होते.

चिंगी बरी झाली, घरभर हिंडायला लागली. घर मात्र आजारी पडलं. सासूबाई सुनेच्या हातचा चहा घेईनात. "माझ्या गुडघ्यापेक्षा कुत्रीचं पोट मोठं झालं," हे वाक्य आल्यागेल्यासमोर निघायला लागलं. यजमान काहीच बोलत नव्हते, आणि बाईंना त्याचाच जास्त त्रास होत होता.

मी बाईंना सांगितलं की यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पहिली, ऑपरेशन करणं योग्य होतं का. माझं उत्तर स्वच्छ होतं: होय. प्राण्याच्या उपचारावर पैसे घालावेत का, असं कुणी विचारलं की मी रकमेपासून सुरुवात करत नाही. त्या पैशांनी त्या जिवाला काय मिळणार, हे विचारते. तो बरा होणार का? बरा होणार नसेल तर त्याचं दुखणं तरी कमी होणार का? की फक्त आपल्याला त्याला सोडवत नाही म्हणून त्याचे दिवस ओढून लांबवणार? चिंगीला पुढची काही वर्षं धडधाकट मिळणार होती. असा खर्च घराला झेपत असेल तर करावा, कुणी काही म्हणो. आपण त्यांना बांधून घरात ठेवतो. त्यांना जाऊन कुठे औषध शोधता येत नाही.

दुसरी गोष्ट, न विचारता पैसे घेणं. त्याबद्दल सासूबाईंची माफी मागायला हवी, असं मी म्हटल्यावर बाई एकदम चिडल्या. "मग काय तिला मरू द्यायचं होतं?" नाही. पैसे घेतले म्हणून चिंगी वाचली हे खरं, आणि ते दुसऱ्याच्या दुखण्याचे पैसे होते हेही तितकंच खरं. एक बरोबर ठरवायला दुसरं खोटं पाडावं लागत नाही. हे बाईंना पटायला वेळ लागला. माझ्याकडे येणारी बरीच माणसं इथेच अडतात. आपला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करण्याच्या नादात ज्याला दुखावलं त्याच्याकडे बघायचंच राहून जातं.

मग मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. सासूबाई आल्या, एक-एक पायरी थांबत, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. गळ्यात तुळशीची माळ. गुडघे गेल्यापासून वारी चुकलेली, याची खंत त्यांनी बसल्याबसल्याच बोलून दाखवली. बाई बोलून गेल्या, "आई, तुम्हीच नातवाला नामदेव महाराजांची गोष्ट सांगता. कुत्र्याने भाकरी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "धावले. पण तूप त्यांच्या स्वतःच्या वाटीतलं होतं, सूनबाई. दुसऱ्याच्या डब्यातलं नव्हतं."

यावर कुणाकडे काही उत्तर नव्हतं. बाई उठल्या आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडल्या. "चुकलं माझं, आई. विचारायला हवं होतं."

खरी गोष्ट त्यानंतर बाहेर आली. यजमानांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि सांगितलं की गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आधी दोनदा ठरली होती, दोन्ही वेळा आईनेच नको म्हटलं. सासूबाई बराच वेळ पदराचं टोक चाळवत होत्या. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते रे. शेजारची गेली ना ऑपरेशनला, ती अजून काठीवरच आहे. मला कुणी विचारलं का, आई, का नको म्हणतेस? पैसे साठवले आणि तारीख घेतली. आणि हिने त्या कुत्रीसाठी दोन रात्री जमिनीवर अंथरूण टाकून काढल्या."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते. जनावराच्या खर्चावरून घरात भांडण होतं तेव्हा तोंडात रुपये असतात. पण ज्याला राग आलेला असतो तो बहुतेक वेळा मोजत असतो ते जागरण, काळजी, कुरवाळणं. घरातली म्हातारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, कधीकधी नवरा किंवा बायको, हे सगळे त्या कुत्र्याकडे बघून मनात म्हणत असतात, माझ्यासाठी असं कोण जागलं? त्यांना 'मुक्या जनावराचा हेवा करता' असं कधीच म्हणू नये. त्यांची तक्रार कुत्र्याबद्दल नसते.

पुढचं काम तसं सोपं होतं. गुडघ्याचे पैसे बाईंनी दिवाळीच्या बोनसमधून आणि शिकवणीतून परत भरले. चिंगीसाठी वेगळं खातं काढलं, महिन्याला १,००० रुपये. त्यात जेवढे असतील तेवढ्यातच भागवायचं, त्यावर लागले तर तिघांनी बसून ठरवायचं. आणि बाई सासूबाईंना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या, तारीख घ्यायला नव्हे, नुसतं त्यांना काय विचारायचं ते विचारू द्यायला. पुढच्या वर्षी गुडघा झाला.

तीनेक वर्षांनी ही मंडळी पुन्हा आली. चिंगीचं वजन उतरत होतं, तोंडाला वास येत होता, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, प्रत्येक तपासणीत वाढलेलं. दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत चालली होती. मोठ्या शहरात कुत्र्यांचं डायलिसिस होतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. या वेळी ते निर्णयाच्या आधी आले.

मी तेच विचारायला सांगितलं: बरी होणार का? डॉक्टर प्रामाणिक होते. विषबाधा किंवा एखाद्या संसर्गाने मूत्रपिंडाला अचानक धक्का बसला असेल तर डायलिसिस ते सावरेपर्यंत वेळ मिळवून देतं. पण वर्षानुवर्षं झिजलेलं मूत्रपिंड परत येत नाही. चिंगीला गाडीत बसवलं की ती थरथरायची, लाळ गाळायची. आठवड्यातून अनेकदा तिला न्यायचं, तासन् तास नळ्या लावून धरून ठेवायचं, आणि हाती लागणार काही दिवस. यजमानांनी पाकिटाच्या पाठीमागे खर्चाचा हिशेब मांडून आणला होता, पण तो बघायची वेळच आली नाही. डायलिसिस नको, हे सासूबाई सोडून सगळ्यांनी एका दमात म्हटलं. सासूबाईंनी मात्र दोनदा विचारलं, "नक्की? पैशांसाठी नाही ना थांबत?"

घरच्या घरी कातडीखाली सलाइन द्यायचं ठरलं. हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून सांगते. पशुवैद्य एकदा शिकवतात, मग घरी जमतं. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई सरकवायची. पाण्याचा एक उंचवटा तयार होतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्या दिवशी बाईंचा हात कापत होता. आठवडाभरात मुलगा मांडीवर चिंगीचं डोकं धरून बसायला लागला. खर्च फार नव्हता, आणि तिची मळमळ कमी झाली, ती थोडंथोडं खायला लागली.

कधी थांबायचं, हे कसं ठरवायचं? अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजमाप दिलं आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. मी ते या कुटुंबासाठी सोपं केलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज रात्री एक खूण करायची. चिंगीचा दिवस बरा गेला तर बरोबर, वाईट गेला तर फुली. खूण करायची सासूबाईंनी, कारण दिवसभर घरात त्याच असत. तिच्यावर इतर कुणाचीही नजर नसेल एवढी त्यांची होती.

एका पानावर फुल्या जास्त झाल्या. इंजेक्शन देऊन सोडवायचं का, या प्रश्नावर सासूबाई अडल्या. "पाप लागेल." मी त्यांना पापपुण्याचं उत्तर दिलं नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टर काय करतात एवढं सांगितलं: आधी गुंगीचं औषध, गाढ झोप लागली की दुसरं इंजेक्शन. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग स्वतःच म्हणाल्या, डॉक्टरांना घरी बोलवा, तिला गाडीत घालू नका.

मुलाला खरं सांगितलं. 'गावाला पाठवली', 'झोपली' असं मुलांना सांगू नये. ती वाट बघत बसतात किंवा झोपायला घाबरतात. बाईंनी मात्र शाळेत ताप आल्याचं सांगून रजा घेतली. कुत्री गेली म्हणून रजा हवी, हे बोलायची त्यांना लाज वाटली. अशा दुःखाचा अभ्यास झालेला आहे. जे दुःख समाज दुःख म्हणून मानत नाही, ज्याला सांत्वनाला कुणी येत नाही, त्याची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये केली. ते दाबून ठेवलं की पुढे चिडचिड, अपराधीपणा, 'डायलिसिस केलं असतं तर' अशा विचारांतून बाहेर येतं. बाईंचंही तसंच झालं. त्यासाठी आम्ही आणखी काही वेळा भेटलो.

ज्यांच्याकडे डब्यात काहीच नाही, त्यांनी काय करावं? गहाण टाकून किंवा क्रेडिट कार्डावर कर्ज चढवून जनावराचा उपचार करू नका, असं मी स्पष्ट सांगते. आधी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा की आमच्याकडे एवढेच आहेत, यात काय होऊ शकेल? चांगले डॉक्टर यावर नाराज होत नाहीत, दुसरा मार्ग सुचवतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत खर्च बराच कमी येतो. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे, नागपूर, परभणी, उदगीरलाही आहे. पैसे वाचवायला घरातल्या गोळ्या मात्र देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आणि उपचार नाकारावा लागला, तर शेवटचे दिवस वेदनेत जाणार नाहीत एवढं नक्की बघा. ते करणाऱ्या माणसाने जीव घेतला असं होत नाही.

आता मुलाला पुन्हा पिल्लू हवं आहे. बाई तयार नाहीत, यजमान गप्प. सासूबाईंनी अट घातली आहे: आणायचं तर रस्त्यावरचं, लसी वेळेवर, खातं पहिल्या दिवसापासून, आणि मादी असेल तर डॉक्टर सांगतील त्या वयात नसबंदी. पैसे, त्या म्हणाल्या, पहिल्या महिन्याचे मी देईन.