कोकणात चार खोल्यांचा होमस्टे सुरू करतोय. टॉवेलचे हंस, पाकळ्या, चॉकलेट यांनी पाहुण्याला बरं वाटतं का?

नाही वाटत. हंस वळायला जो वेळ जाईल तो चादरी वाळवण्यात घाला. मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात सहा वर्षं रूमबॉय होतो, म्हणून सांगतोय.

तिथे जुलैत पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. धुतलेली चादर दोन दिवस दोरीवर असली तरी गारच लागते, कपाट उघडलं की कोंदट वास. अशात एकदा सोलापूरकडचं वयस्कर जोडपं आलं. आजी गुडघ्यांनी बेजार. मी त्यांची चादर आणि अभ्रे दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री केले, गादी उभी करून हीटरसमोर ठेवली, मग बिछाना घातला. तास-दीड तास गेला, शेजारच्या तीन खोल्यांतले हंस राहिले. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर झापलं, "हंसाचे फोटो निघतात, कोरड्या चादरीचे कोण काढतं?"

सकाळी आजोबा काउंटरवर आले. "आमचा बिछाना कुणी घातला?" मला वाटलं, तक्रार. म्हणाले, "घरून निघाल्यापासून ही काल पहिल्यांदा सलग झोपली." मॅनेजर तिथेच उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यातही हंस चालूच. ते मला अजून लागतं.

तुम्ही पाहुणा गेल्या-गेल्या बिछाना घालू नका, गादी उघडी राहू द्या. चादर हाताला कळत नाही, गालाला लावून बघा. एका पलंगामागे तीन जोड धरतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. कोकणातल्या पावसात पाच ठेवा. सुगंधी फवारा तर मारूच नका, आत काहीतरी झाकलंय हे बायकांना दारातच कळतं. पाहुण्याने दोन उशा एकावर एक घेतलेल्या दिसल्या तर तिसरी न मागता ठेवा. आणि कचऱ्याच्या डब्याबाहेरचा कागदाचा कपटाही फेकू नका, त्यावर कुणाच्या गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात.

मोठ्या हॉटेलात एकेका पोराकडे पाळीला बारा-पंधरा खोल्या असतात, तिथे एवढं जमत नाही. त्यांना दोष देऊ नका. आणि हो, नवी लग्नाची जोडपी पाकळ्या मागतात. त्यांना घाला, पण चादर खणखणीत वाळलेली असू द्या. दमट चादरीवर गुलाबाचा डाग बसला की लवकर निघत नाही.